कोट तपासलास का?

हॅलो?… हो बाबा, मीच. बोला… नाही, घरी कुठली, प्रयोगशाळेतच आहे. थांबा, हातमोजे काढते… हं. आई कशी आहे?… बसलीय? एकटीच?… आणि तुम्ही?… परत बाहेरच्या खोलीत? दादा म्हणाला मला. दोन महिने तुम्ही तिच्याजवळ बसत नाही, भरवायलासुद्धा बाईंना सांगता…

हो, हो… निकाल आला. सकाळीच… अहो, ऐका तर. किडे नाहीत हो, जिवाणू… हां, तेच. कॅडमियम घातलेल्या बशीत साधे जिवाणू मेले. ज्यांच्याकडून आम्ही मेंदूतलं ते प्रथिन बनवून घेतलं, ते जगले… त्या विषारी धातूला धरून ठेवतं ते. मोकळं फिरू देत नाही… आहे ना खूश. चार वर्षं घासलीत यात…

काय?… नाही, बाबा. तसा अर्थ होत नाही… आईला ते प्रथिन कमी पडलं म्हणून ती सगळं विसरली, असं कोण म्हणालं?… मी? कधी?… अहो, ते जेवता जेवता बोलून गेले मी. जीभ सैल सुटली माझी. आणि तुम्ही तेवढंच धरून बसलात?… बशीतल्या जिवाणूवरून माणसाचं नाही सांगता येत. त्याला मेंदूच नसतो, विसरणार काय तो, डोंबल?… बरं, नका हसू.

ऐकतेय… माहीत आहे. तीस वर्षं प्लेटिंगच्या कारखान्यात… हो, बोल्टांना कॅडमियमचाच मुलामा… आणि तुमचा कोट ती हातानं धुवायची. आधी खिसे उलटे करून झटकायची, मग… मी शेजारीच उभी असायचे, बाबा… रडू नका ना. तुम्हाला तरी तेव्हा कुणी सांगितलं होतं?… पाणी प्या आधी… प्यायलात?…

तो कोट?… हो, माझ्याकडेच आहे. तुम्हीच दिलात ना पिशवीत बांधून… तपासला… हो, तपासला म्हणते ना… गेल्या आठवड्यात… काही निघालं नाही… खिशांत नाही, शिवणींत नाही, कुठेच नाही… खोटं कशाला बोलू? तपासण्या करणं हेच तर माझं काम… नाही. आईला हे तुमच्यामुळे झालेलं नाही… परत सांगू? तुमच्यामुळे नाही, बाबा… हवं तर शंभरदा सांगेन.

हं… जा ना. आत्ताच जा… विचारायचं काय त्यात, बायको आहे तुमची… ओळखलं नाही तर नाही ओळखलं. हात तर धरू देईल… हो. जा तुम्ही.

बाबा?… अहो, फोन ठेवायचा राहिलाय… बाबा?…

ऐकू येतंय मला… हो, सांगा तिला. पोरीनं तपासलंय म्हणून सांगा… 'माझ्यामुळे नाही गं'… हो, अस्संच सांगा…

हसली?… आई हसली वाटतं…

पिशवीची गाठसुद्धा सोडली नाही मी, बाबा. दोन महिने कपाटात तशीच आहे. रोज कपाट उघडते आणि लावून टाकते. धीरच होत नाही…

आता नाही सोडणार… ठेवते हं मी.