कोशात आहे म्हणे!

…नाही, तुम्हीच सांगा मला, 'झो' हा काय शब्द आहे? झेड आणि ओ. संपला! शिंक येता येता अर्धवट राहिली तर तोंडातून निघेल असला आवाज, आणि आमची बेरिल, माझी लग्नाची बायको, स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्क्रॅबलच्या पाटावर ती दोन अक्षरं अलगद ठेवते आणि म्हणते, "झो. याक आणि गाय यांचं वासरू." याक! अहो, आमच्या या इंग्लंडातल्या टॉडमोर्डन गावात! आमच्या सबंध डोंगरावर मेंढ्यांशिवाय काही चरत नाही, इथे याक कुणाच्या बापाने पाहिलाय? मी म्हटलं, "बेरिल, असला शब्द नसतो." तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "असतो, विल्फ. कोशात आहे."

कोशात आहे म्हणे!

आता हे नव्हतं हो असं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं रोज चहानंतर एक डाव टाकतो, आणि कसे शब्द लावायचो… 'बादली', 'शिडी', 'मटार'! सभ्य माणसांचे शब्द! क्यू आला की मागे यू पाहिजे, नाही मिळाला तर क्यू घेऊन बसा शेवटपर्यंत, तोंड पाडून. न्याय होता त्यात! पण मागल्या हिवाळ्यात ही बाई चॅपलच्या हॉलमधल्या स्क्रॅबल क्लबात जायला लागली आणि तिथे भेटला तिला तो लेनर्ड प्रॉक्टर. दातांचा डॉक्टर होता. आयुष्यभर गावाचे दात उपटले, आता निवृत्त होऊन भाषेचे उपटतोय! त्याने शिकवलं हिला हे सगळं. 'की', क्यू आणि आय, यू नाहीच! का, तर चिनी माणसाच्या अंगातली प्राणशक्ती. 'सूक' म्हणजे अरबांचा बाजार. 'झेक' म्हणजे रशियातल्या छावणीतला कैदी. 'झिझ' म्हणजे डुलकी. अरे, डुलकीला डुलकी म्हणा ना! बशा विसळताना ही पुटपुटतेय, "झो, झेक, झिझ…" मी विचारतो, "जेवायला काय आहे?" तर हिचं आपलं "झिझ!"

आणि दर गुरुवारी तो लेनर्ड हिला आपल्या गाडीतून घरी सोडणार. हॉल कुठे, तर आमच्या गल्लीच्या टोकाला! गाडीतून उतरताना ही हसत असायची. मी पडद्याआडून… म्हणजे पडदा नीट करत होतो मी, सहज दिसलं. माझ्याबरोबर डाव टाकताना हसलेली आठवत नाही मला अलीकडे. एकदा म्हणाली, "विल्फ, तूही चल ना क्लबात." मी म्हटलं, "त्या याकवाल्यांत? मी मेलो तरी येणार नाही."

गेलो. वार्षिक स्पर्धेला. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, पंच मिसेस क्लेग, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात तो जाडजूड कोश. आणि पहिलाच डाव माझा, लेनर्डबरोबर. बसला समोर, गळ्यातला बो नीट केला आणि गोड आवाजात, "मिस्टर सगडन, आपल्याबद्दल बेरिलकडून फार ऐकलंय हो." बेरिल! मिसेस सगडन नाही, बेरिल! मी 'छप्पर' लावलं. त्याने पटकन झेड, ए, एक्स ठेवले. "झॅक्स." मी उभाच राहिलो, "आक्षेप!" तर म्हणतो कसा, "झॅक्स म्हणजे छपराची दगडी कौलं तासायची छोटी कुऱ्हाड, मागे खिळ्याचं भोक पाडायला टोक असतं."

अहो, तुम्हाला काय सांगू… मी कौलं बसवणारा! उभा जन्म छपरांवर गेला माझा! ते हत्यार रोज या हातात होतं, हे बघा, हा व्रण त्याचाच! आणि त्याचं नाव मला दातांचा डॉक्टर सांगणार? मी ओरडलो, "असलं काही म्हणत नाही त्याला!" मिसेस क्लेग म्हणाल्या, "मग काय म्हणता?" आता काय म्हणतो… 'इकडे दे रे ते' म्हणतो! सगळा हॉल हसला. आणि किटली खाली ठेवून त्या बाईने पान उलटलं आणि… कोशात आहे म्हणे! आक्षेप खोटा ठरला म्हणून माझे गुण कापले. माझं हत्यार, माझेच गुण!

मग काय, डोकं फिरलं. कुणी काही लावलं की माझा आक्षेप. चहा नाही, आल्याच्या पार्किन केकचा तुकडा नाही, नुसते आक्षेप. आणि शेवटचा डाव आला तो बेरिलबरोबर. भोवती सगळे गोळा, लेनर्ड खुर्चीमागे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच जे आणि ओ ठेवले. "जो."

मी टेबलावर हात आपटला. "जो? कोण जो? आक्षेप!"

बेरिल हळूच म्हणाली, "विल्फ, राहू दे रे."

"राहू दे कसं? बघा कोशात! मोठ्याने वाचा, ऐकू दे सगळ्यांना!"

मिसेस क्लेगनी पान काढलं, घसा साफ केला. "जो. स्कॉटलंडकडचा जुना शब्द. अर्थ… जिवलग. लाडका."

मी पाटाकडे बघितलं. पलीकडे तिप्पट गुणांचं घर मोकळं होतं, तिथे तोच जे टाकला असता तर तिचा पहिला नंबर पक्का होता. लेनर्डलाही दिसलं ते. तो तर कळवळून म्हणालाच, "बेरिल, तिथे का नाही लावलास?"

ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. "मला हाच लावायचा होता," म्हणाली, आणि कान लाल झालेले तिचे, या वयात!

तर असं आहे बघा. स्पर्धा लेनर्ड जिंकला. आणि मी? मी सबंध गावासमोर, पंच बोलावून, कोश उघडायला लावून, बायकोच्या प्रेमावर आक्षेप घेतला… आणि हरलो!