अकरा माणसं, अकरा घड्याळं

नाही हो काका, बंद नाही पडलेलं, चालतंय – कानाला लावून बघा ना – पट्टाही नको, पट्टा चांगला आहे, काच तेवढी तडकलीय पण तीही आजच बदला असं काही नाही. उघडा, उघडा, पण हळू, आणि खाली एक पांढरा कागद घ्या, आणि तो पंखा जरा बंद करता का? – हं. मला एकच गोष्ट विचारायचीय. आकड्यांवर हे ठिपके आहेत ना, अंधारात चमकणारे – चमकायचे, आता नाही चमकत – तर तो रंग कुठला? म्हणजे उजेडात ठेवल्यावर मग चमकणारा, की जुना, आपला आपणच चमकणारा? बस, एवढंच. घड्याळ तुमच्याच दुकानातलं आहे, अण्णांनी घेतलेलं, चाळीस वर्षं झाली, ही बघा पावती, घडीवर फाटलीय पण दुकानाचं नाव वाचता येतंय. अण्णा म्हणजे माझे वडील. उंच होते, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे – नाही आठवत? असू दे, चाळीस वर्षांत किती गिऱ्हाइकं आली असतील. मी आपलं सहज विचारतेय. कुतूहल म्हणून.

कुतूहल कसलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही ते भिंग डोळ्याला लावलंत, आता लपवून काय करू? गेले तीन आठवडे मला धड जेवण जात नाही काका. घरी विचारतात, काय झालं, तर मी म्हणते ॲसिडिटी. नवरा बिचारा रोज दूध गार करून ठेवतो. त्याला काय सांगू? – मी समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या भरते, ती माझी नोकरी, बावीस वर्षं. हसू नका, सगळे हसतात, माझी नणंद तर म्हणते वहिनी पाणी भरायला जहाजावर जातात. पण ते पाणी कुठलं? तर चार-पाच किलोमीटर खालचं, तळाचं. एका मोठ्या चौकटीला चोवीस नळकांडी बांधतात, तारेने खाली सोडतात, हव्या त्या खोलीवर एकेकाचं झाकण बंद करतात, आणि वर आलं की आम्ही तुटून पडतो, ज्याची त्याची बाटली घेऊन. सगळ्यात खालचं पाणी पहिल्या सहा नळकांड्यांत. ती सहा माझी. कायम माझीच, कारण माझा हात हलत नाही.

आता त्या पाण्यात आम्ही काय शोधतो, तर वय. पाण्याला वय असतं काका, खरंच असतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मोठमोठ्या बाँबच्या चाचण्या झाल्या, उघड्यावर, तेव्हा हवेत एक जड हायड्रोजन पसरला, ट्रिटियम म्हणतात त्याला, आणि तो पावसातून समुद्रात उतरला. म्हणजे त्यानंतर ज्या पाण्याने आभाळ पाहिलं त्याच्यावर शिक्का बसला, आणि जे शेकडो वर्षं खालीच पडून आहे ते कोरं. शिक्का किती खोल गेला ते बघायचं, की कळतं वरचं पाणी कुठून खाली जातं, किती वर्षांत जातं. पण शिक्का इतका फिका असतो, इतका फिका, की मोजायला सहा सहा महिने लागतात – पाण्यातली सगळी हवा काढून भांडं सील करून ठेवायचं आणि आत त्या ट्रिटियमचा हेलियम कधी तयार होतो याची वाट बघत बसायचं. आणि घड्याळावरच्या जुन्या रंगात काय असतं? तेच. अगदी तेच, आणि समुद्राच्या मानाने किती पट ते मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही चिमटा खाली टाकाल. माणसाला काही होत नाही हो त्याने, तुम्ही जन्म काढलात त्यात, ठणठणीत आहात. पण ते काचेच्या फटीतून झिरपतं, कपड्याला लागतं, हाताला लागतं. म्हणून आमच्या जहाजावर घड्याळ चालत नाही. कुणाचंच नाही, कप्तानाचंसुद्धा. बंदर सोडायच्या आधी एक बिस्किटांचा डबा फिरतो, सगळ्यांनी घड्याळं त्यात टाकायची, डबा किनाऱ्यावरच्या ऑफिसात कुलपात राहतो, आणि एका कागदावर लिहायचं – इतकी माणसं, इतकी घड्याळं – खाली सही. तो डबा कोण फिरवतं? मीच. बावीस वर्षं मीच फिरवते. नव्या पोरांना भाषणही मीच देते, एकदा एकाला आठवण म्हणून दिलेलं घड्याळ त्याच्या मनगटावरून मी अक्षरशः ओढून काढलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कारण हे डब्यात गेलं नाही. – अण्णा गेले आणि अकराव्या दिवशी जहाज निघालं. हे घड्याळ चावीचं, ते रोज सकाळी उठल्या उठल्या चावी द्यायचे, दात घासायच्याही आधी. दवाखान्यात हात उचलेना तेव्हा मला खुणेने सांगायचे, आणि मी द्यायचे. ते गेले त्या सकाळीही मी दिली, ते गेलेत हे कळून मग दिली, आणि काका, ते चालत होतं. डबा चाळीस दिवस कुलपात. म्हणजे दुसऱ्या दिवशी हे थांबणार. माझ्याने नाही झालं. पट्टा शेवटच्या भोकात अडकवून मनगटाच्या बरंच वर बांधलं, वर दोन बाह्या, आणि कागदावर लिहिलं – अकरा माणसं, अकरा घड्याळं. डब्यात दहा होती. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

आणि मला वाटलं, काय होतंय? चाळीस वर्षांचं जुनं, दर बारा वर्षांनी ते निम्मं होतं, म्हणजे दहावा हिस्सा उरला असेल. चमकतही नाही. मी घरी कपाटात बसून बघितलंय, दुपारी, दार आतून ओढून, कोटांच्या मधे अर्धा तास – मुलीने दार उघडलं, म्हणाली आई काय करतेस, मी म्हटलं लोकरीचं काही सापडतंय का बघते. काहीच चमकत नव्हतं. पण त्याचा काही उपयोग नाही ना, तुम्हाला माहीत असेल, चमकणारी भुकटी आधी मरते, आतलं ट्रिटियम राहतं. मला ते माहीत होतं. तरी मी अर्धा तास बसले.

तीन आठवड्यांपूर्वी निकाल आले. तळाच्या पाण्यात शिक्का. जिथे कोरं असायला हवं तिथे! मॅडम – आमच्या मोठ्या मॅडम, या महिनाअखेर निवृत्त होतायत – त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या हो. तीस वर्षं त्या सांगत आल्या की त्या भागात वरचं पाणी थेट तळाला जातं, कुणी ऐकलं नाही, आणि आता हा पुरावा. उद्या अकरा वाजता जाहीर करतायत, बाहेरची माणसं येतायत, त्यांनी नवी साडी घेतलीय, मला फोटो पाठवला, रंग बरा आहे ना म्हणून. मी लिहिलं, खूप शोभेल. आमच्यात एकच जण म्हणाला की आकडे बरोबर वाटत नाहीत – त्याला सगळे शंकासुर म्हणतात – म्हणाला हे आकडे उड्या मारतायत, समुद्र अशा उड्या मारत नाही, कुठून तरी काहीतरी लागलंय. मॅडमनी सगळ्यांसमोर मला विचारलं, घड्याळं जमा होती? मी म्हटलं, सगळी, मॅडम, मी स्वतः घेतली. शंकासुराला पुढच्या सफरीतून काढलं. तो माझ्याकडे आला, मला वाटलं भांडेल, तर म्हणाला, सॉरी ताई, तुमच्यावर संशय नव्हता माझा.

तेव्हापासून तो समोर आला की मी जिना बदलते. भीती वाटते काका. कुणाची वाटते ते धड सांगता येत नाही – मॅडमची नाही, नोकरीची थोडी – पण रात्रंदिवस असं वाटतं की माझ्या हातून काहीतरी भुरभुरतंय. जेवण वाढताना वाटतं. जहाज जिथे जिथे थांबवून पाणी घेतलं, त्यातल्या नवव्या ठिकाणापासून पुढे शिक्का आहे, आठव्यापर्यंत सगळं कोरं. आणि फक्त पहिल्या सहा नळकांड्यांत. काच मात्र घरी तडकली, गेल्या महिन्यात, फरशीवर पडून – आठव्या ठिकाणाशी तिचा काही संबंध –

घरी नाही तडकली. चौकटीच्या लोखंडावर हात आपटला, लाट आली होती. आठव्यानंतर. मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय, आणि का सांगतेय कुणास ठाऊक. तुम्ही आमच्यातले नाही म्हणून असेल.

काय? कुठे, चिमट्याच्या टोकाला? – सहाच्या खाली, दोन्ही बाजूंना, हे बारीक इंग्रजी टी? दिसतंय. दिसतंय मला, भिंग नको. माहीत आहे मला, टी म्हणजे ट्रिटियम. आणि हा वर काय दाखवताय, तीनचा आकडा? तिथे काय आहे? तिथे तर काहीच –

ठिपका होता तिथे. अण्णांच्या हातात बघितलाय मी. बाराच्या बारा होते.

ऐका. ऐका काका, अजून वेळ आहे. उरलेले अकरा खरवडून टाका, आत्ता, माझ्यासमोर, आणि नवा साधा रंग लावा. येईल ना लावता? आणि पावती द्या, पण तारीख आजची नको, दीड वर्षापूर्वीची घाला, सफरीच्या आधीची. कोण बघणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅडम महिनाअखेर घरी जातील, आनंदाने जातील, आणि समुद्र काय, समुद्र आहे तिथेच आहे, त्याला कुठे – असं बघू नका ना. शिव्या द्या हवं तर. भिंग का काढलंत? मागचं झाकण का लावताय? मी तुमच्या मुलीसारखी – बरं. नाही म्हणत. नका करू. मी हे बोललेच नाही असं समजा.

दहाच होती डब्यात, अकरा लिहिलंय. हे ठेवलं की अकरा होतील, नाही का. मॅडमच्या टेबलावरच ठेवावं लागेल, काचेची भुकटी, हा कागद, सगळं तसंच घडी करून – फुंकर मारू नका, थांबा! – उद्या त्या नवी साडी नेसून बोलायला उभ्या राहायच्या आत. एखादी घट्ट झाकणाची डबी आहे का तुमच्याकडे? औषधाची चालेल. हं, हीच.

– काका, हे काय करताय? नको. हात काढा तिथून. चावी नका देऊ.

थांबू दे आता.

तुम्ही हात धुवा. साबणाने धुवा, मी जाते.