झाडाला लागलेला टिक्या

ऐका रं. लाकूड आत सारा, जवळ सरका. मधनं मधनं हुंकार द्या, पर हसायचं न्हाई कुणी. ही दुसऱ्याची गोष्ट न्हाई, माझी हाय.

दिवस बुडाला आन् मी येसामावशीच्या वस्तीवरनं निघालो. खांद्यावर घोंगडं, घोंगड्यात कुत्र्याचं पिल्लू. येसामावशी म्हणत व्हती, "धाकू, आज ऱ्हा, सकाळी जा." ऐकलं न्हाई मी! तरणा व्हतो, मस्ती व्हती. ही तुमची काकी नुकतीच नांदायला आलेली, घरी एकटी. आन् एक उदमांजर आमच्या खुराड्याला सोकावलेलं. कोंबड्या संपत आल्या. माझं जुनं कुत्रं बिबट्यानं नेलेलं. म्हणून तर पिल्लाला गेलो.

आता शिकारीला बंदी हाय. बरंच झालं. पर तवा उदमांजराला, खारीला कुत्रं लागायचं ते येगळंच. झाडाला लागणारं. म्हंजी काय? जनावर पळतं, झाडावर चढतं. साधं कुत्रं तिथनं माघारी येतं. झाडाला लागणारं कुत्रं पुढचे पाय बुंध्यावर टेकतं, वर बघतं, आन् भुंकत ऱ्हातं. मालक येईस्तवर हलत न्हाई. आन् ते बारकंच पायजे. थोराड कुत्रं कारवीच्या दाट झुडपात अडकतं, बारकं सुरकन जातं.

येसामावशीचा नवरा शिवा. असा शिकारी न्हाई झाला पुन्हा. उदमांजरामागं खिंडीतल्या हिरड्यावर चढला, फांदी मोडली, खाली पडून मेला. त्याच्या कुत्रीच्या वंशातली ही पिल्लं, चार. मावशीनं उदमांजराचं जुनं कातडं काढलं, अंगणातनं फरफटवत नेलं आन् आंब्याच्या फांदीला टांगलं. मग पिल्लं सोडली. एक थोरलं, वाटभर नुसतं कोकलत गेलं. मी म्हणलं, ह्यो न्हाई. उगा बोलणारं कुत्रं खोटं. दोघं आंब्यापातूर गेली, भुई हुंगत बसली. चौथं बारकं, तांबडं, कपाळावर पांढरा टिका. गुमान गेलं. बुंध्याला पाय लावलं. मान वर केली. आन् मग तोंड उघडलं! मावशीनं कण्यांची ताटली ठिवली, तिघं धावली. हे हललं न्हाई.

"हेच," मी म्हणलं.

मावशीनं पदरानं डोळं पुसलं. म्हणली, "त्यांनी बी हेच घेतलं असतं. आता ऐक. वाटंत नाव ठिवू नगंस. घरी ने, चुलीभवती तीनदा फिरव, मग ठेव. वाटंत नाव दिलं तर कुत्रं तुझं ऱ्हात न्हाई, त्या वाटंचं हुतं. आन् खिंडीतल्या हिरड्याखाली थांबू नगंस."

बरं म्हणलं. निघालो.

खिंडीत शिरलो आन् अंधार पडला. पाखरू न्हाई, वारा न्हाई. आन् डाव्या अंगाला कुत्रं भुंकायला लागलं. भौ, भौ, भौ. एका लयीत. मी ताडलं, हे झाडाला लागलंय! आता सांगा, शिकारी माणूस काय करंल? कुणाचं का कुत्रं असंना, झाडाला लागलं की आमचा पाय तिकडं वळतोच. ते हाक मारतंय म्हणल्यावर जायचं. रीतच हाय ती. मी वाट सोडली.

तिथं गेलो तर काय न्हाई. भुंकणं पुढच्या झाडाशी. तिथं गेलो, त्याच्या पुढच्या झाडाशी. कारवी अंगाला ओरबाडती, पायाखाली दगूड सरकतोय, आन् मी आपला चाललोय! घोंगड्यातलं पिल्लू लटलट कापतंय. त्याला कळलं व्हतं रं. मलाच कळंना.

एक दांडगं झाड आलं. भुंकणं अगदी म्होरं. मी बुंध्याभवती फिरलो. कुत्रं न्हाई. पुन्हा फिरलो. न्हाई! मग ध्यानात आलं. भुंकणं खालनं येतच नव्हतं. वरनं येत व्हतं. शेंड्यातनं!

आन् ते झाड हिरड्याचं व्हतं.

भुंकणं थांबलं. वरनं हिचा आवाज आला. ह्या तुमच्या काकीचा! "आलासा का? द्या ते पिल्लू माझ्याकडं." मग बापय माणसाचा आवाज, खरखरीत. "चांगलं निवडलंस. नाव काय ठिवलंस?" मी घोंगडं घट्ट आवळलं. "न्हाई ठिवलं? मग मी ठिवतो."

आन् फांद्यांतनं हात खाली आला. नुसता हात. येतोय, येतोय, संपतच न्हाई! माझ्या तोंडाम्होरनं गेला, घोंगड्यापाशी आला. पिल्लानं उडी मारली खाली. हात त्याच्यामागं वळला. आन् मी बोंबललो, "टिक्या!"

दिलं नाव. वाटंत दिलं. दुसरं काय करणार व्हतो? त्यानं ठिवलं असतं तर त्याचं झालं असतं.

टिक्या फिरला. पळाला न्हाई. दीड वितीचं पिल्लू, हिरड्याच्या बुंध्याला पाय लावलं, मान वर केली आन् भुंकाय लागलं. तसा तो हात सरासरा वर गेला. कुत्रं खाली उभं असलं की वरचं उतरत न्हाई, जनावर असू दे न्हाईतर आणिक काय. वर फांद्या कडाकडा मोडत व्हत्या. खाली टिक्या हलत नव्हता.

आन् मी पळालो. ऐका, खरं सांगतो. झाडाला लागलेलं कुत्रं सोडून शिकाऱ्यानं जायचं नसतं. मी गेलो. घोंगडं तिथंच टाकून, धडपडत, रगात काढत घर गाठलं. हिनं दार उघडलं. रातभर खिंडीतनं भुंकणं ऐकू येत व्हतं. हिनं इचारलं, "कुणाचं वो कुत्रं?" मी म्हणलं, माझं.

उजाडल्यावर चौघं गेलो. टिक्या तिथंच. घसा बसलेला, नखं निघालेली, पाय बुंध्यावर. उचलून आणला, चुलीभवती फिरवला, दूध पाजलं. दिवसभर ऱ्हायला. सांजच्याला दावं तोडून गेला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. मावशीनं सांगितलं तेच झालं. मग मी आणायचं सोडलं. रोज दुपारी भाकर घिऊन जायचो. माझ्या हातनं खायचा, हात चाटायचा, आन् पुन्हा वर बघायचा. नऊ वरसं. त्या नऊ वरसांत खिंडीत कुणाच्या केसाला धक्का लागला न्हाई. मग एक दिवस भाकर तशीच ऱ्हायली. तिथंच पुरला त्याला.

भुंकणं अजून येतंय. तुमी बी ऐकलं असंल. खालनं येत असंल तर ते माझं लेकरू हाय, त्याला भिऊ नका. वरनं येत असंल तर... पर अंधारात खालचं-वरचं कुणाला उमगतंय? मी निवडलेलं कुत्रं, नऊ वरसं त्याचा आवाज ऐकला. मागल्या आवसंला खिंडीच्या तोंडाशी उभा ऱ्हायलो, कान दिला. मला बी कळलं न्हाई रं.

म्हणून हात जोडून सांगतो. त्या वाटंनं जाऊ नका.