ओटिसची बाबागाडी

अर्लीन : खांदेच अडकतात रे ह्याचे! व्हर्नन, मागून ढकल जरा.

व्हर्नन : ढकलतोच आहे. बुलडॉग आहे तो, पोस्टातलं पाकीट नव्हे.

अर्लीन : ओटिस, बाळा, एक पाय उचल. एकच. झालं! बसला ठाण मांडून.

मॅरिबेल : मॅम, आमच्या दुकानातली ही कुत्र्यांची बाबागाडी सगळ्यात अरुंद. ती पलीकडची बघा. पुढून उघडते, उचलून ठेवावं लागत नाही. जाळी मोठी, वारा लागतो. ह्या चपट्या नाकवाल्यांना आधीच श्वास पुरत नाही.

व्हर्नन : ते आम्हाला नको सांगूस, बाई. परवा चर्चच्या पार्किंगमध्ये आडवा झाला होता. जीभ जांभळी पडली. मला वाटलं, गेला.

अर्लीन : आता टल्साच्या उन्हात ह्याला चालवायचं नाही म्हणतात प्राण्यांचे डॉक्टर. घरात ठेवला तर दाराशी बसून रडतो. मला तो उचलत नाही. गाडी नाही जमली, तर माझ्या भाचीकडे पाठवायचा, मिनेसोटाला. तिथं थंड असतं.

व्हर्नन : पाठवायचा नाही. विषय संपला.

अर्लीन : विषय तू संपवायचा आणि निस्तरायचं मी! मागची गाडी कुणी निवडली? कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेली नाही, आस वाकला.

व्हर्नन : पन्नास पौंड पेलणारी होती. हा सेहेचाळीस. गाडीच भिकार निघाली, त्याला मी काय करू?

मॅरिबेल : सेहेचाळीस? हा? सर, रागावू नका, पण वजन केलंत कसं?

व्हर्नन : सगळे करतात तसंच. ह्याला उचलून घेतलं आणि बाथरूममधल्या काट्यावर उभा राहिलो. दोघांचे दोनशे सव्वीस. त्यातून माझे एकशे ऐंशी वजा.

मॅरिबेल : आमच्या काट्यावर चढवू या? जमिनीलगतच आहे. ये रे राजा, बिस्किट बघ. हं... बासष्ट.

अर्लीन : बासष्ट! भरव अजून बेकन लपूनछपून!

व्हर्नन : काटा बिघडलाय ह्यांचा.

मॅरिबेल : सकाळीच तपासलाय, सर.

अर्लीन : मग घरचा बिघडला असेल... थांब. दोनशे सव्वीसातून बासष्ट गेले... व्हर्नन, तू एकटा काट्यावर शेवटचा कधी उभा राहिलास?

व्हर्नन : मी कशाला राहू? सैन्यातून सुटलो तेव्हापासून एकशे ऐंशीच आहे मी.

अर्लीन : एकशे चौसष्ट आहेस.

व्हर्नन : उन्हाळा आहे गं. उन्हाळ्यात जेवण जात नाही कुणाला.

अर्लीन : शर्ट वर कर.

व्हर्नन : इथं? दुकानात?

अर्लीन : वर कर म्हणते ना!

(तो शर्ट वर करतो.)

अर्लीन : पट्ट्याला हे भोक कधी पाडलंस?

व्हर्नन : इस्टरच्या सुमाराला. त्याच्या पुढचं... परवा.

अर्लीन : आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस.

व्हर्नन : तुझ्या कमरेचं ऑपरेशन, मग ह्याचं हे असं. आणखी एक दुखणं कुठं काढायचं घरात? थकली होतीस तू.

अर्लीन : थकलेलीच आहे मी. म्हणून काय झालं? उद्या डॉक्टरकडे जायचं, एकही सबब ऐकणार नाही. भीती वाटतेय मला, कळतंय का तुला?

व्हर्नन : मलाही वाटते. म्हणून तर एकटा उभा राहिलो नाही काट्यावर.

मॅरिबेल : मॅम, पाणी आणू का?

अर्लीन : नको गं. तू ती पलीकडची गाडी काढ.

मॅरिबेल : ही घ्या. ऐंशी पौंडांपर्यंत चालते. अगंबाई, हा तर आपणहून चढला! हँडल किती उंच लावू? रोज ढकलणार कोण?

व्हर्नन : हिच्या उंचीला लाव.

अर्लीन : त्याच्या उंचीला लाव. मला ढकलावी लागली, तर मी हात वर करून ढकलेन.