प्रोसेसरचे दात

सेनगावात साजीदच्या कंपुटर दुकानात चार्जरसाठी रांगेत उभा होतो. पुढं तांड्यावरचे बाबूसिंग, बैलांचे जुने पारखी. काखेत सून निलमचा कंपुटर.

"चाचा, हा प्रोसेसर टाका. निलमभाभीचं मशीन हरणावानी पळंल."

"पळंल रे, पण आमच्या जुन्या बोर्डात बसंल का?"

"बराबर बसंल. एकदम नवा हाय."

"मंग दात दाखव त्याचे."

"ह्याला दात न्हाईत चाचा, पोटाखाली ठिपके असतात."

"ठिपके मोजतो. बोर्डातल्या पिना घरीच मोजून आलो. अकराशे पंचावन्न भरल्या."

"मोजल्या? काहून?"

"पीकविम्याचे फॉर्म परवा बंद होऊन राहिले. सून फॉर्म भरायचं दुकान चालवते, तिचं मशीन अडलं तं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. सुई दे इकडं."

तासाभरानं बाबूसिंगांची मान वर झाली.

"अकराशे पन्नास. पाच कमी, साजीद."

"आँ? व्हय की चाचा, खोक्यावर बी तेच छापलंय!"

"तू वाचत न्हाईस?"

"वाचायला टाईम कुठं हाय? हा जुना घ्या. ह्याच्यावर बराबर अकराशे पंचावन्न लिवलंय."

"मघा बी बराबरच म्हणला होतास. आण. एक... दोन... तीन..."

रांगेतले आम्ही सगळे गुमान खाली बसलो.