किल्ली एकच

नाही हो दादा, बाहेर एकही किल्ली जाणार नाही. पाकिटात तीन आहेत, दिसतंय मला — एक माझी, उरलेल्या दोन कपाटात पडून राहतील. तुम्ही आधी ते जुनं कुलूप काढा. चालतंय ना — चांगलंच चालतंय, त्याचा काय दोष? कुणाला नाही म्हणायचं ते त्याला कधी जमलंच नाही. माझ्यासारखंच.

हसू नका. शिकून परत आले, ही खोली घेतली आणि पाठोपाठ कावीळ. ताईने किल्ली घेतली — औषधपाणी करायला, ठीकच होतं. मी बरी झाले, किल्ली काही परत आली नाही. ताई आमच्या चर्चच्या पाहुण्यांची सोय बघते — मग एक किल्ली पाळकबाईंना करून दिली, एक गायनमंडळाला, खुर्च्या ठेवायला. परवा रात्रपाळी करून सकाळी आले — नर्स आहे मी — तर पलंगावर कोण? पाहुणे उपदेशक. उशी माझी, चादर माझी, घोरणं तेवढं स्वतःचं. आणि मी काय केलं? स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले, ते उठेपर्यंत. वर त्यांना नाश्ता करून घातला. आहे ना वेडेपणा?

ताईला सांगितलं, तर म्हणते, "एवढं लांब जाऊन दारं लावायलाच शिकलीस का? ख्रिस्ती माणसाचं घर उघडं असावं." म्हटलं, असावं की — पण उघडणारी मी नको? प्रभू स्वतः दाराशी उभा राहून ठोठावतो, ताई. त्याला भिंत अडवत नाही, तरी ठोठावतो. आणि लोक शोधत असतानाही उठून एकटा प्रार्थनेला जायचा — त्याला कुणी आपमतलबी म्हटलं? तर तिचे डोळे भरले. आई गेल्यावर तिनेच वाढवलं हो मला — वेणी घालताना मान जरा हलवू द्यायची नाही. अजून तिच्यासमोर मान हलवायची म्हटलं की — जाऊ दे. तो खालचा स्क्रू घट्ट बसला ना?

जीव आहे माझा तिच्यावर. म्हणून तर हे. किल्ली फिरवून आत आलेल्या माणसाला "ये" कसं म्हणायचं, सांगा? ते म्हणायचंच राहून गेलंय माझं.

बसलं? लावा बरं दार. हं, छान.

थांबा — जिन्यात पावलं. तिचीच. कडीला हात लावू नका. ऐकलंत? जुनी किल्ली घालतेय. फिरत नाही. पुन्हा घालतेय — आता कळलं तिला. गप्प का झाली? परत गेली तर — दादा, परत गेली तर मी काय — नाही. नाही उघडणार मी. असं नाही उघडणार. बोलू नका तुम्ही.

ठोठावलं.

आले ताई, आले — तुम्ही हत्यारं उचला दादा, निघा आता. पाहुणी आलीय माझ्याकडे.