आतला रस्ता

अहो ताई, तुम्ही कसली माफी मागताय, आणि तीही माझी? गाडीचं काय, पत्रा वाकलाय, ठोकून सरळ होईल. हाडाचं तसं असतं का? बसा तुम्ही. मधोमध बसा, या बाकाचा एक पाय लंगडा आहे, कडेला बसलं की डुगडुगतो. आत्ताच नेलंय दादांना फोटो काढायला — मनगटाचा आणि खांद्याचा. डॉक्टर म्हणाले डोक्याला काही नाही, नीट बोलताहेत, स्वतःचं नाव सांगितलं, तुमचं सांगितलं, तुम्हाला निरोप द्यायला सांगितलं — म्हणूनच तर तुम्ही आलात ना. आणि गाडीतून आणताना मला काय म्हणाले माहितीये? हात असा पोटाशी धरलेला, ओठ पांढरे पडलेले, आणि मला म्हणतात, "बाई, माझंच चुकलं, मी बघून रस्त्यावर यायला हवं होतं." मी गाडी कडेला घेतली, पाणी पाजलं. आणि आता तुम्हीही तेच. सुतार माणूस, उजवं मनगट मोडलंय, आणि घरातली बाई येऊन मला विचारते, तुम्हाला कुठे लागलं तर नाही ना. मला काही लागलं नाही हो. आमच्यापैकी कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

मघाशी तुम्ही विचारलंत, हायवे सोडून इकडे आत कशाला शिरलात. सगळेच विचारत होते ते. आमच्या चिऊनं समुद्र बघितलेला नाही — अकरा वर्षांची झाली, चित्रात बघते आणि विचारते, त्याला पलीकडची बाजू असते का. यांना सुट्टी होती, सासूबाईंचे गुडघे बरे होते, म्हटलं जाऊन येऊ. आता हायवेनं गेलं तर दुपारी जेवायला समुद्रावर. सासूबाईंना हायवेच हवा होता, तिथं पंपावर संडास स्वच्छ असतात — त्यांचा सगळा प्रवास संडासावर अवलंबून असतो, हसू नका, तुम्हीही त्या वयाला पोचाल. चिऊला हवा होता कारण तिथल्या दुकानांत खायला मिळतं. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. आणि मी म्हटलं, आतला रस्ता. झाडं आहेत, सावली आहे, हवा चांगली, गर्दी नाही, कुठेही थांबता येतं. इतकं रंगवून सांगितलं मी, जणू तो रस्ता माझ्या माहेरचा. मी याआधी एकदाही आले नव्हते या रस्त्यानं. फोनमधली ती बाई आहे ना, वाट सांगणारी — ती आपली सारखी सांगतेय, मागे वळा, मागे वळा. सासूबाई म्हणाल्या, बघ, तिलासुद्धा कळतंय. मी तिचा आवाज बंद केला.

वळण नव्हतं हो तिथं. डॉक्टरांना मी वळण म्हणाले, तुम्हालाही तेच सांगितलं, पण वळण मागे पडलं होतं. रस्ता सरळ, ऊन लख्ख, समोर काही नाही. दादा डाव्या बाजूच्या पायवाटेवरून येत होते — सायकलवर बसलेलेही नव्हते, हातात धरून चालले होते, मागे हत्यारांची पेटी बांधलेली. हळूहळू येत होते, कुणालाही लांबून दिसले असते. आणि यांना — मला. मला ते दिसलेच नाहीत. मी मागे वळले होते, सासूबाईंना संत्रं सोलून देत होते, त्यांना वरची पांढरी सालं चालत नाहीत, ती काढत होते मी एकेक —

हो. बरोबर आहे. गाडी चालवताना संत्रं कसं सोलणार. नाही, म्हणजे… क्षणभरच. चिऊचं लक्ष होतं, ती मागून ओरडली, "बाबा, सायकल" — आणि ब्रेक लागला, पण तोवर…

काय झालं? असं काय बघताय?

हं. बाबा म्हणाली ती. आई नाही म्हणाली.

तुमचा हात असू द्या ना इथंच. नको? बरं.

गाडी इथवर मी आणली, ते खरं आहे. गाडी आत येताना ज्यांनी पाहिली त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, मीच होते. मला येते चालवता, लग्नाआधीपासून येते. मग आधीपासूनच का नाही चालवली? कशी चालवणार? ज्याचं पोटच स्टिअरिंगवर आहे, तो बायकोला चालवायला देऊन शेजारी बसला की त्याची आई विचारणार ना — अरे, तुला बरं नाही का? आणि एकदा विचारायला लागलं की थांबत नाही कुणी. यांना काचबिंदू आहे, ताई. दोन्ही डोळ्यांत. समोरचं सगळं लख्ख दिसतं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावा, शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचतील — बाजूचं नाही दिसत. नळीला डोळा लावून बघितल्यासारखं, असं म्हणतात ते. गेल्या वर्षी मला वाटायचं धांदरटपणा वाढलाय. पाण्याचं भांडं कोपरानं पाडायचे, कपाटाचं दार उघडं राहिलं की कपाळ आपटायचे, चिऊ शेजारी येऊन उभी राहिली की दचकायचे. मग डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, जे गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा, आणि गाडी बंद करा. घराच्या दाराशी आल्यावर हे म्हणाले, "एवढं वर्ष जाऊ दे, मग सोडतो." मी म्हटलं, बरं. झालं, एवढंच. त्याच्यापुढे आम्ही त्या विषयावर कधी बोललोच नाही. मी भांडं त्यांच्या समोर ठेवायला लागले आणि कपाटाची दारं लावत फिरायला लागले.

म्हणून आतला रस्ता. हायवेवर दोन्ही बाजूंनी गाड्या अंगावर येतात, तिथं मी कुठंकुठं बघणार? इथं रिकामं असतं, इथं मी शेजारी बसून बघू शकते. तसंच ठरलं होतं, न बोलता. मी आपली बोलत राहायची — ती बघा डावीकडे म्हैस किती मोठी, तो बघा उजवीकडून ट्रॅक्टर येतोय — चिऊ म्हणते, आई आज किती बडबडतेस. सकाळपासून एक क्षण गप्प नव्हते हो मी, घसा बसला माझा. आणि सासूबाईंनी संत्रं मागितलं. म्हणून म्हणते, मी चालवत होते असं मी सांगितलं, ते अगदीच खोटं नाही. डोळे माझेच होते. ते मागे वळले.

त्यांना दोष देऊ नका. त्यांना सांगायचं होतं. दादांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं तेव्हाच म्हणाले, "मी सांगतो खरं काय ते." मीच म्हटलं, गप्प बसा, तुम्ही शेजारी होतात, तुमचं लायसन गेलं तर खायचं काय. चिऊलाही मीच सांगितलं, इथं दाराशी, तिच्या केसांतली गवताची काडी काढता काढता. कुणी विचारलं तर आई चालवत होती. तिनं का म्हणून विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आजीलाही तसंच बोलायला सांगू का?" सासूबाईंना वाटतंय, लेकाचं लक्ष नव्हतं. गाडीत बसून आहेत, तोंड शिवल्यासारख्या. आणि हे बाहेर पायरीवर. तुम्ही आत आलात तेव्हा ओलांडून आलात ना त्यांना, मान खाली घालून बसलेले — तेच.

काय काम करतात?

सांगितलं ना, चालवतात. गाडी. म्हणजे बस.

शाळेची.

तसं बघू नका ताई. रस्ता ठरलेला आहे तो, रोजचा, डोळे मिटून — नाही, तसं नाही म्हणायचं मला. बसमध्ये मावशी असतात, मुलांना हात धरून उतरवतात, दार लावतात, चांगल्या आहेत त्या. पण त्यांना माहीत नाही. त्यांना कसं माहीत असणार, कुणालाच माहीत नाही. त्या मागे मुलांची भांडणं सोडवत असतात, त्या कशाला सांगतील डावीकडून सायकल येतेय म्हणून. वर्षभरात काही झालं नाही, देवाशपथ काही झालं नाही. मी सकाळी डबा हातात देते, ते निघतात, आणि बस परत जागेवर लागल्याचा फोन येईपर्यंत मी एकही काम बसून करत नाही. उभीच असते. पोळ्या उभ्यानं, भाजी उभ्यानं, चहासुद्धा उभ्यानं. मग फोन येतो आणि मी बसते.

चिऊ? चिऊ नाही जात त्या बसनं. आधी जायची, बापाच्या मागच्याच सीटवर बसायची, सगळ्या वर्गात तिचा तोरा. आता मी सोडते तिला, चालत. जाताना आणि येताना. सगळ्यांना सांगितलंय की बसमध्ये तिला मळमळतं.

नाही. तिला कधी मळमळलेलं नाही.

डॉक्टरांकडून आलो ना, त्याच आठवड्यात उतरवलं मी तिला. माझी तेवढी उतरवून घेतली आणि बाकीची… बाकीच्यांच्या आया कोपऱ्यावर उभ्या असतात, मला ओळखतात, हात करतात. मी चिऊचं बोट धरून समोरून जाते आणि त्यांना हात करते. एक तर परवा म्हणाली, तुमचे मिस्टर आहेत म्हणून आम्ही निर्धास्त. हे मी यांच्याशीसुद्धा बोलले नाही कधी. त्यांनी विचारलंही नाही, ती बसमध्ये का नसते. विचारलं असतं तर मी मळमळ म्हणाले असते, आणि त्यांनी ऐकून घेतलं असतं.

शिव्या घाला हवं तर. मघाशी तुम्ही माफी मागत होतात, त्यापेक्षा ते बरं.

कोण? हो, मीच ती. या हवालदारसाहेब, या. हो, गाडी आमचीच, आणि बाहेर ती निळ्या फ्रॉकमधली मुलगीही माझीच. बोललात तिच्याशी? काय म्हणाली?

तुम्ही नुसतं नाव विचारलंत?

आणि तिनं आपणहून सांगितलं. आई चालवत होती, म्हणून. अडखळली नाही का जराही? तुमच्याकडे बघून बोलली?

ताई, तुम्ही जा आत. फोटो झाला वाटतं, नर्स कधीची हात करतेय. त्यांना काही सांगू नका, ते मी सांगेन, त्यांच्या खाटेपाशी उभी राहून. जा ना, ते वाट बघत असतील. माझ्यापाशी नका थांबू.

साहेब, ती लहान आहे. तिचं लिहून घेऊ नका. माझं घ्या — आणि पायरीवर बसलेत ना हे, यांनाही आत बोलवा.